लष्करातले पाच हमिंगबर्ड

कोकणातला माणूस ग्वाल्हेरला उतरला की पहिला धक्का हवेचा बसतो. हवेत पाणीच नाही! चिपळुणात माघ-फाल्गुनातही सकाळी दांडीवरचे कपडे दमट लागतात. इथे मामीने पिळून टाकलेला पंचा चहा होईस्तोवर वाळून कडक. दुसरा धक्का माणसांचा. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघालं की भुसावळपर्यंत मराठी कानावर पडत राहते, मग खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी करत ती विरत जाते. आता संपलीच, असं धरून आपण स्टेशनाबाहेर येतो, तर रिक्षावाला विचारतो, “शिंदे की छावनी जाओगे या फालका बाजार?” दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. तो तळ पुन्हा उठलाच नाही, त्याचं लष्कर नावाचं शहर झालं. दोनशे वर्षं उलटली तरी तिथल्या मराठी घरांत गणपती बसतो, चकल्या तळल्या जातात, आणि “भाजीत नमक कमी आहे” हे वाक्य कुणाला खटकत नाही.

कोकणातून ग्वाल्हेरला जाणाऱ्यांची परंपरा जुनी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने. वाटेत बंडात सापडले आणि मराठीला ‘माझा प्रवास’ मिळाला. माझं आमिष दक्षिणेपेक्षा स्वस्तातलं होतं. मामांनी फोनवर सांगितलं होतं, “अरे, माझ्या परसात पाच तऱ्हेचे हमिंगबर्ड येतात. फोटो आहेत माझ्याकडे. तू ये तर सही!”

आता हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत असतो. अलास्कापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या शेंड्यापर्यंत त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि हिंदुस्थानात एकही नाही. मामा बँकेत आयुष्य काढलेले, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. त्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. पण हा मामला पक्ष्यांचा नव्हताच, चिरंजीवांचा होता. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या घरामागे हमिंगबर्ड येतो, आणि त्याचे फोटो तो बापाला पाठवतो. मागे आला तेव्हा त्याने मामांना एक कॅमेरा, एक लांब भिंग आणि साखरपाणी ठेवायची लाल प्लॅस्टिकची बाटली दिली. मामांनी वर्षभर परसात खुर्ची टाकून त्याला उत्तर तयार केलं. अमेरिकेच्या पूर्व भागात हमिंगबर्डची एकच जात घरटी करते, लाल गळ्याची. तेव्हा न्यू जर्सी एक, लष्कर पाच!

परस म्हणजे काय, तर वाड्याच्या मागची लाल दगडी भिंतीतली फरसबंद जागा. तुळशीवृंदावन, डाळिंब, दोन जास्वंदी, कांचनाचं एक वेडंवाकडं झाड, कोपऱ्यात रातराणी आणि भिंतीलगत हमेलियाची रांग. एका बाजूला मामांची जुनी स्कूटर, आणि तिच्या दोन्ही आरशांवर चढवलेले लोकरीचे पायमोजे. मी विचारलं. “नंतर सांगतो,” मामा म्हणाले, “आधी अल्बम.”

अल्बम पाहण्यासारखा होता. गुळगुळीत कागदावर काढलेल्या प्रती, प्रत्येकीखाली बँकेच्या खतावणीतल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात नंबर, वर्णन, तारीख. नं. १, काळा-जांभळा, चमकणारा. नं. २, वरून मातकट, पोटाला पिवळा. नं. ३, पिवळाच, पण हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ. नं. ४, चितकबरा, पिवळ्यावर काळे डाग. नं. ५, लहान, तपकिरी, फुलापुढे अधांतरी उभा; हा फक्त तिन्हीसांजेला आणि तोही पावसाळ्यात.

पहिले चार पाहताच मला ओळख पटली, कारण ते आपल्याकडचेच. हा सूर्यपक्षी, कुणी शिंजीर म्हणतं, तिकडचे लोक शकरखोरा म्हणतात. अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी त्याचं रक्ताचं नातं काही नाही. त्याची भावकी आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. फुलातला मध हे एकच अन्न दोघांच्या वाट्याला आलं, म्हणून दोघांच्या चोची लांब झाल्या, जिभा नळीदार झाल्या आणि अंगावर झळाळी चढली. माझ्या मनात थोडी कोकणी घमेंडही होती, ती लपवत नाही. आमच्याकडे सूर्यपक्ष्यांच्या तीन-चार जाती सहज दिसतात, आणि त्यातला तो लाल छातीचा तर सह्याद्री सोडून जगात कुठे राहतच नाही. ग्वाल्हेरसारख्या कोरड्या मुलखात एकच, जांभळा. मग हे बाकीचे तीन कोण, याचं उत्तर मला माहीत होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि मामांच्या खतावणीत पुरावा सापडणं वेगळं.

पुरावा तारखांत होता. नं. १चे सगळे फोटो फेब्रुवारी ते ऑगस्टमधले. नं. ३चे ऑक्टोबर ते डिसेंबर. नं. ४चे एक तर सप्टेंबरातले, नाहीतर जानेवारीतले. नं. २ मात्र बारा महिने हजर. आपण काय नोंदवून ठेवलं आहे, हे मामांना कळलेलं नव्हतं. विणीचा हंगाम संपला की जांभळा नर आपला राजेशाही अंगरखा उतरवतो आणि मादीसारखा साधा पिवळा होतो. ओळखीला फक्त गळ्याखालची काळी रेघ शिल्लक ठेवतो. थंडी सरताना पुन्हा नवी पिसं येऊ लागतात आणि मधले काही आठवडे तो धड इकडचा ना तिकडचा, चितकबरा दिसतो. मादीला ही भानगड नाही, ती सदा एकाच वेशात. म्हणजे मामांचे चार हमिंगबर्ड हे एकच नवरा-बायको आणि नवऱ्याचे तीन पोशाख!

हे मी रात्री जेवताना सांगितलं. मामी एवढी हसली की तिला ठसका लागला. मामा हसले नाहीत. “आणि पाचवा?” त्यांनी विचारलं.

पाचव्याचं नंतर. सकाळी उठून मी मामांच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकली, आणि खरं सांगायचं तर तिथून पुढे माझी घमेंड उतरायला लागली. चिपळूणला मी हा पक्षी शेकडो वेळा पाहिला आहे, पण तो ढगाळ, दमट उजेडात. दिसायला काळा ठिपका, कधीमधी निळसर झाक. ग्वाल्हेरच्या फाल्गुनातला उजेड निराळा. धुकं सरलेलं, धूळ अजून उठायची, सूर्य तिरपा आणि हवेत बाष्पाचा लवलेश नाही. नर जास्वंदीच्या शेंड्यावर येऊन बसला. आधी काळाच होता. त्याने मान जरा वळवली आणि डोक्यावरून हिरवा रंग सरकत गळ्यावर आला, तिथे निळा झाला, छातीवर जांभळा, आणि छातीच्या कडेला एक बारीक तांबूस पट्टी क्षणभर दिसून गेली. मान परत फिरली, सगळं विझलं. हे रंग पिसात कालवलेले नसतात. पिसाच्या आत काळ्या रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म थर असतात, त्यांवरून उजेड परतताना हे रंग उमटतात. पीस कुटून भुकटी केली तर हाती काळपट धूळ येईल. त्यामुळे पक्षी तोच, डहाळी तीच, पण उजेडाचा कोन चुकला की फोटोत पक्ष्याच्या आकाराचं एक भोक दिसतं, दुसरं काही नाही. मामांच्या नं. १च्या सुरुवातीच्या निम्म्या फोटोंत असं भोकच आहे.

कारण साधं आहे. मागे उजळ आकाश असलं की कॅमेरा आकाशाला सांभाळतो आणि मुळात काळा असलेला पक्षी आणखी काळा करतो. मामांनी हे स्वतःच शोधून काढलं. खुर्ची अशी ठेवायची की सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी आणि समोर सावलीतली दगडी भिंत. बसलेल्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं पुरतं, उडत्याला दोन हजाराव्या भागापर्यंत जावं लागतं. आणि नेम फुलावर धरायचा नाही, फुलाशेजारच्या डहाळीवर धरायचा. हा त्यांचा सर्वांत मोलाचा शोध. हमिंगबर्ड हवेत एका जागी उभा राहून मध पितो, मागेमागेही उडतो, त्याचे पाय मात्र नावापुरते. सूर्यपक्ष्याला ते अधांतरी उभं राहणं घटकाभर जमतं, पण परवडत नाही. त्याचे पाय मजबूत. तो डहाळी पकडतो, वाकतो, लोंबकळतो, प्रसंगी उलटा टांगून घेतो. न्यू जर्सीचा मुलगा फुलापुढच्या रिकाम्या हवेवर नेम धरतो, लष्करचा बाप डहाळीवर.

अमेरिकेत या छंदाचे अध्वर्यू क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट म्हणून होऊन गेले. ड्यूपॉन्ट या बलाढ्य रसायन कंपनीचे अध्यक्ष, शिक्षणाने इंजिनियर. सेकंदाला पन्नास-पन्नास वेळा हलणारे हमिंगबर्डचे पंख फोटोत थांबवायला त्यांनी अतिवेगवान फ्लॅशची यंत्रणा उभी केली, आणि १९६० साली त्यांचं हमिंगबर्डवरचं मोठं पुस्तक निघालं. मामांकडे यंत्रणा म्हणजे प्लॅस्टिकची खुर्ची, कानटोपी आणि थर्मासमधला चहा. तरी एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर जे टिपलं ते मी विसरणार नाही. मादी डाळिंबावर बसली होती. नर तिच्यासमोर आला, पंख खाली पाडून थरथरवले, शेपूट पसरली आणि काखेतून एकाएकी दोन पिवळे-नारिंगी तुरे बाहेर काढले. एरवी हे तुरे दिसतच नाहीत, पंखाखाली मिटलेले असतात. काळ्या-जांभळ्या अंगावर ते पेटल्यासारखे दिसले. मादी मान वळवून दुसरीकडे बघत राहिली. “देखो, नखरा!” मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

आता स्कूटरचे मोजे. याच दिवसांत नराला आपल्या हद्दीचं इतकं वेड लागतं की आरशात दिसणारा दुसरा नर त्याला खपत नाही. तो दिवसचे दिवस आरशाशी भांडतो. चोच मारतो, पंख आपटतो, दमला की आरशाच्या दांड्यावर बसून श्वास घेतो, आणि पुन्हा. सीटवर विष्ठेची रांगोळी. मोजे चढवल्यावर त्याने देवघराच्या खिडकीची काच गाठली. तिथे आता वर्तमानपत्र लावलेलं आहे.

लाल बाटलीचं पुढे काय झालं? मामांनी एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी असं न्यू जर्सीचं प्रमाण तंतोतंत पाळलं. सूर्यपक्षी आले नाहीत. मुंगळे आले. मग खार आली, तिने झाकण कुरतडलं. बाटली आता माळ्यावर आहे.

पण अमेरिकेचा खरा प्रताप भिंतीलगतच होता, आणि तो मला मामांच्या एका फोटोने दाखवला. हमेलिया हे झुडूप मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. त्याची नारिंगी-लाल, अरुंद, नळीसारखी फुलं तिकडे हमिंगबर्डच्या उपयोगाची. पक्ष्याने समोरून यावं, चोच आत घालावी, मध घ्यावा, डोक्याला लागलेले परागकण दुसऱ्या फुलाला नेऊन द्यावेत, असा तो सौदा. संगणकावर फोटो मोठा केला तेव्हा दिसलं की ओळीने सगळ्या फुलांच्या बुडाशी, देठाला जिथे नळी चिकटते तिथे, एकेक उभी चीर आहे. कडा तपकिरी पडलेल्या. पुढच्या फोटोत चोर मुद्देमालासह. नं. २ बाई डहाळीवर बसून फुलाच्या बुडात बाजूने चोच खुपसते आहे. ना परागकण, ना सौदा. मध मात्र पुरा. घाणेरी आणि कांचनाच्या बाबतीतही त्यांचा हाच धंदा चालतो. इमानदारी ते पळसाशी करतात. शहराबाहेर तिघरा धरणाच्या वाटेवर पळस फुलला होता. तिथे हेच पक्षी समोरून, रीतसर, फुलात चोच घालत होते. पळसाचं परागीभवन करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

मागच्या उन्हाळ्यातलं घरटं मामांनी जपून ठेवलं आहे. मागच्या पडवीतल्या बंद पडलेल्या केबलच्या तारेला ते लोंबत होतं, येता-जाता डोक्याला लागेल इतकं खाली. हातात घेतल्यावर वजन जाणवलंच नाही. कोळ्याच्या जाळ्यांनी गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, सुतळीचा धागा आणि चॉकलेटच्या चांदीचा एक कपटा एकत्र चिकटवलेला. बाहेरून अळ्यांची बारीक काळी विष्ठा लावलेली, की लांबून कुणाला वाटावं कचराच अडकला आहे. आत मऊ कापूस. दार बाजूला, आणि दारावर पुढे आलेली छोटीशी झाप. किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या खिडक्यांवर दगडी छज्जे आहेत ना, तसा हा छज्जा, फक्त कोळ्याच्या धाग्यांचा. हे सगळं मादी एकटी बांधते, अंडी एकटी उबवते. पिलं झाली की नर भरवायला येतो, आणि तेव्हा मधाचं नाव नाही. पिलांना कोळी आणि किडेच लागतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना आणि लू वाहत असताना, पडवीत ते घरटं हलत होतं आणि मामा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फोटो काढत होते. दुपारी मादी छज्ज्याखाली तोंड उघडं टाकून बसलेली आहे, हा फोटो अल्बममध्ये आहे. त्याला मात्र नंबर नाही.

मानमंदिरही मी पाहिलं, नाही असं नाही. मानसिंह तोमराच्या त्या महालावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांत कारागिरांनी हत्ती, मगरी, केळीची झाडं आणि बदकांच्या रांगा बसवल्या आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या रंगांना अजून ऊन चढतं. सूर्यपक्षी काही सापडला नाही. भिंतीच्या सांध्यात पिंपळ उगवला होता, त्यावर खराखुरा बसला होता.

राहिला पाचवा. मामांचा हुकमी एक्का. फोटो खरंच चक्रावणारा होता. रातराणीच्या फुलापुढे अधांतरी थांबलेला तपकिरी जीव, पंखांचा नुसता धूर, फुलात गेलेली लांबलचक बारीक चोच, मागे शेपटीसारखा पंखा. इतका हमिंगबर्ड की मी क्षणभर गप्प झालो. मग संगणकावर डोक्याचा भाग वाढवत नेला. डोळ्यांच्या वर दोन जाडसर मिशा निघालेल्या दिसल्या. चोच टोकाकडे किंचित गुंडाळलेली. आणखी वाढवल्यावर छातीशी दुमडलेले पाय, दोनापेक्षा जास्त. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

तो पतंग होता. हमिंगबर्डसारखाच फुलापुढे थांबून सोंडेने मध पिणारा, मॅक्रोग्लॉसम वंशातला. या वंशातले बरेच पतंग आपल्या देशात आहेत आणि दरवर्षी कुणी ना कुणी त्यांना पाहून हमिंगबर्ड दिसल्याची बातमी देतं. यात लाजण्यासारखं काही नाही. हवेत उभं राहण्याच्या कसबात आपल्या सूर्यपक्ष्यापेक्षा हा किडाच हमिंगबर्डला जवळचा. पक्षी नाही, एवढाच दोष.

रविवारी रात्री न्यू जर्सीला फोन लागला. मामांनी निकाल स्वतःच जाहीर केला, “तुझा एक, माझा एक. बरोबरी.” मग लगेच तक्रार, की तुझा तर थंडी पडली की पळून जातो. ते खरं आहे. लाल गळ्याचा तो तीन ग्रॅमचा जीव हिवाळ्यासाठी मध्य अमेरिकेकडे जातो, आणि त्यातले कित्येक मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडतात, सुमारे आठशे किलोमीटर. हे ऐकून मामा गप्प होतील असं मला वाटलं. पण मी त्यांना आदल्या दिवशी चुकून एक गोष्ट सांगितली होती. जर्मनीत हमिंगबर्डचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि २००४ साली ते प्रसिद्ध झाले, त्यामुळे एके काळी हा पक्षी जुन्या जगातही होता हे ठरलं. “मूळचे ते आमच्याच बाजूचे आहेत,” मामा फोनवर म्हणत होते, “तुमच्याकडे नंतर गेले. लिहून घे!”

ग्वाल्हेरला जायचं असेल तर होळीच्या आगेमागे जा. उजेड स्वच्छ असतो, नर पुऱ्या वेशात असतो आणि मुरैन्याची गजक अजून मिळते. लांब भिंग न्या, पाठीशी सूर्य घ्या, डहाळीवर नेम धरा. साखरपाण्याची बाटली नेऊ नका; त्यापेक्षा घरी कुंडीत हमेलिया लावा, कोणत्याही रोपवाटिकेत मिळतो. आणि उन्हाळ्यात पडवीतल्या तारेला कचऱ्यासारखं काही लोंबताना दिसलं तर झाडूने ओढण्याआधी त्याला बाजूला दार आहे का, तेवढं पाहून घ्या.